सामाईक जिना आणि बंद दप्तर

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, जटपुरा दरवाजापासून गांधी चौकाकडे आणि तेथून पुढे अंचलेश्वर व पठाणपुरा दरवाजांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो पालट झाला तो इतक्या संथपणे झाला की त्याची दखल घ्यावी असे फारसे कोणास वाटले नाही. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, लाकडी खांबांचे आणि कौलारू छपरांचे वाडे उतरले, आणि त्यांच्या अरुंद, लांबोड्या जागांवर तळमजल्यास दुकाने व वर तीन-चार मजले अशा ‘फ्लॅट स्कीमा’ उभ्या राहिल्या. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले फोरमन, औष्णिक वीज केंद्रातले अभियंते, जिल्हा परिषदेचे शिक्षक, गोलबाजारातले व्यापारी आणि मूल, सावली, गोंडपिपरीकडून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड केलेली शेतकरी कुटुंबे एकाच जिन्याने चढू-उतरू लागली. या सर्वांनी मिळून एक वस्तू विकत घेतली, तिचे दस्त नोंदवले, तिच्यासाठी बँकांचे हप्ते फेडले. परंतु जी वस्तू आपण दहा-वीस जणांनी सामाईकपणे धारण केली आहे तिचे वर्तमान सर्वांना सारखे कळले पाहिजे, एवढी साधी व्यवस्था मात्र बहुतेक इमारतींत आजतागायत लागलेली नाही, आणि या शहरातल्या अपार्टमेंटांच्या बहुतेक कटकटींचे मूळ, माझ्या मते, पैशाच्या टंचाईपेक्षा या अव्यवस्थेत अधिक आहे.

पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, लिफ्टची तपासणी कोणी केली, बोअरच्या मोटारीला गेल्या उन्हाळ्यात किती खर्च आला, सामाईक वीजमीटरचे देयक कोणाच्या नावाने येते, पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या भेगा भरल्या की नाही, तळमजल्यावरच्या दुकानदाराने मोकळ्या जागेत पत्र्याचे शेड टाकले त्यास कोणी मंजुरी दिली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर इमारतीतील सर्व फ्लॅटधारकांना ठाऊक असेल अशी इमारत विरळा. उत्तर ठाऊक असते ते एकाला, आणि तो बहुधा निवृत्त, सज्जन व त्रासलेला गृहस्थ असतो, ज्याने ‘कोणीतरी करायला हवे’ म्हणून काही वर्षांपूर्वी कारभार अंगावर घेतला आणि ज्याच्या कपाटातल्या एका पिशवीत इमारतीचे सारे दप्तर कोंबलेले असते. हा गृहस्थ प्रामाणिक असला तरी त्याच्याविषयी कुजबुज होते, कारण जेथे हिशेब दिसत नाही तेथे संशय आपोआप उगवतो. आणि तो अप्रामाणिक असला तर कुजबुजीपलीकडे काही होत नाही, कारण बोट ठेवावयास कागदच नसतो.

यावर हल्ली एक सोपा उपाय सांगितला जातो, तो म्हणजे इमारतीचा व्हॉट्सॲप गट. तो असावा, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्या गटात सकाळी सुविचार, दुपारी कोणाच्या भाच्याच्या निकालाचे अभिनंदन आणि रात्री ताडोब्याच्या वाघाची दोन वर्षांपूर्वीची चित्रफीत ‘आत्ताची, आपल्या बायपासवरची’ म्हणून येते, त्या गटात ‘उद्या दुपारी बारापर्यंत पाणी नाही’ ही सूचना कोठे बुडाली ते शोधणे कठीण असते. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई त्या गटात नसतात, भाडेकरूला त्यात घेतलेले नसते, आणि सहा महिन्यांनी जर वाद निर्माण झाला तर त्या संभाषणाला दप्तराची प्रतिष्ठा नसते. दिनांक घातलेला, सही केलेला आणि सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावलेला कागद हा जुना प्रकार असला तरी त्याला पर्याय अद्याप सापडलेला नाही.

अपार्टमेंटातल्या माणसाचे त्याच्या इमारतीशी नाते काय, हे कायद्याने फार बारकाईने ठरवून ठेवले आहे, आणि ते माहीत नसल्यामुळेच अर्धे तंटे होतात. मुंबईत १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तेव्हापासून आपल्याकडे सहकारी संस्थेची रीत रूढ झाली. तिच्यात जागेची व इमारतीची मालकी संस्थेची आणि सभासद हा भागधारक, असा संबंध असतो, आणि १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने त्यास पक्के रूप दिले. पुढे बांधकाम करणाऱ्यांच्या लबाडीला आळा घालण्यासाठी १९६३ साली फ्लॅटविषयक कायदा झाला. त्यानंतर १९७० साली महाराष्ट्राने अपार्टमेंट मालकीचा निराळा कायदा केला, ज्याच्या घराण्याची कथा मोठी दूरची आहे. अशा स्वरूपाचा एक नामांकित कायदा १९५८ साली कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर झाला, तेथून हा प्रकार अमेरिकेच्या संस्थानांमध्ये काही वर्षांतच पसरला, आणि त्याच धर्तीची रचना मुंबईच्या विधिमंडळाने स्वीकारली. या रीतीत संस्था मालक नसते. प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा पूर्ण मालक असतो, आणि त्या सदनिकेबरोबरच जमीन, जिना, टाकी, लिफ्ट, पाया, भिंती यांत त्याचा एक अविभाज्य हिस्सा असतो, जो टक्केवारीत लिहिलेला असतो आणि जो सदनिकेपासून वेगळा काढून विकता येत नाही. विदर्भात, नागपुरात आणि त्यामागोमाग चंद्रपुरात, ही रीत बरीच चालते. आणि ती चालते तेथे सर्व व्यवहाराचे मूळ एका कागदात असते, ज्याचे नाव घोषणापत्र.

हे घोषणापत्र बांधकाम करणाऱ्याने किंवा सर्व मालकांनी मिळून करून द्यावयाचे व नोंदवावयाचे असते; ते नसेल तर हा कायदा त्या इमारतीला लागूच होत नाही. कोणते क्षेत्र सामाईक, कोणते काहींपुरते राखीव, गच्ची कोणाची, गाड्या उभ्या करण्याची जागा कोणाची, कोणाचा हिस्सा किती टक्के, मतदानात कोणाच्या मताचे वजन किती, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि त्यासोबत उपविधी जोडलेले असतात. एवढे महत्त्वाचे पत्र असूनही आपल्याकडे सदनिका घेताना लोक फरशी पाहतात, नळ सोडून पाहतात, स्वयंपाकघराची दिशा पाहतात, आणि घोषणापत्र ही बँकेच्या वकिलाने बघावयाची गोष्ट आहे असे समजून पुढे जातात. ज्या इमारतीत गच्चीवरून भांडण पेटले आहे तेथे जाऊन हे पत्र कोणी वाचले आहे का असे विचारले तर बहुधा शांतता पसरते.

दर महिन्याच्या वर्गणीचाही, ज्याला सर्वजण मेंटेनन्स म्हणतात, निर्णय याच कागदावर अवलंबून असतो. १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंटात सामाईक खर्च हिस्स्याच्या टक्केवारीने वाटावयाचा असतो, म्हणजे मोठ्या सदनिकेस अधिक व लहानीस कमी; सहकारी संस्थेत मात्र सेवाशुल्काची आकारणी बहुतांशी सर्वांना समान असते. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे हे ठाऊक नसताना समान वर्गणी न्याय्य की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर तासन्‌तास वाद घालणे म्हणजे निव्वळ शक्तिपात होय. तसाच दुसरा नित्याचा युक्तिवाद पहिल्या मजल्यावरून येतो: ‘मी लिफ्ट वापरीत नाही, मग पैसे का द्यावे?’ १९७० च्या कायद्याने याचे उत्तर स्पष्ट देऊन ठेवले आहे की सामाईक सोयीचा वापर सोडून दिला, किंवा सदनिका ओस टाकून नागपुरास राहावयास गेले, तरी खर्चातील हिश्शाची जबाबदारी चुकत नाही. आणि थकबाकी राहिली तर तिचा बोजा त्या सदनिकेवरच चढतो. मात्र याच कायद्याने कारभाऱ्यांवरही तितकेच कडक बंधन घातले आहे. जमाखर्च तारीखवार लिहिला पाहिजे, पावत्यांसह तो कामाच्या दिवशी सोयीच्या वेळी कोणाही फ्लॅटधारकास पाहावयास मिळाला पाहिजे, आणि वर्षातून एकदा तरी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून त्याची तपासणी झाली पाहिजे. सहकारी संस्थांनाही दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते. जो हिशेब मागतो तो भांडखोर, ही आपल्याकडची समजूत कायद्याला मुळीच मान्य नाही.

चंद्रपुरातल्या जुन्या वस्तीची आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या लेखांत आढळणार नाही. खांडक्या बल्लाळशहाने ज्या नगराचा पाया घातला आणि त्याच्या वंशजांनी ज्याला चार दरवाजे व पाच खिडक्या ठेवून सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट बांधला, त्या परकोटाचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. आजही या भिंतीचा अभिमान शहराला आहे. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून झाडाझुडपांत गडप झालेले बुरूज श्रमदानाने मोकळे केले, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु अभिमानाबरोबर जी जबाबदारी येते तिची वार्ता इमारतींच्या जिन्यांपर्यंत पोहोचलेली नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटरचे क्षेत्र विनियमित ठरते. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या, किंवा त्यानंतर रीतसर मंजुरीने बांधलेल्या, इमारतीच्या डागडुजीसाठी व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो, परंतु जुनी पाडून तिच्या जागी दुसरी उभी करण्याची वाट त्या पट्ट्यात मोकळी नाही. पुढच्या दोनशे मीटरांत बांधकाम करता येते, पण तेही सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन. परवानगीविना केलेल्या बांधकामास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि भिंत गावाला वळसा घालून जात असल्यामुळे, शिवाय अंचलेश्वराचे मंदिर व गोंड राजांच्या समाध्या यांसारखी संरक्षित स्थळे तिच्या कडेला असल्यामुळे, या मर्यादेच्या कक्षेत येणारी घरे थोडीथोडकी नाहीत.

याचा व्यावहारिक अर्थ काय होतो तो पाहावा. मुंबईच्या उपनगरात इमारत जीर्ण झाली की रहिवासी विकसकाकडे जातात, आणि तो वाढीव क्षेत्राच्या आशेने नवी इमारत बांधून देतो; तेथे दुर्लक्षाचे प्रायश्चित्त पुनर्विकासाने काही अंशी तरी टळते. परकोटालगतच्या शंभर मीटरांत राहणाऱ्यास ती सवलत नाही. त्याची इमारत जेवढी वर्षे टिकेल तेवढीच त्याची मालमत्ता टिकेल, आणि ती किती टिकेल हे आज गच्चीची भेग भरली की नाही, स्तंभातल्या गंजलेल्या सळईकडे कोणी पाहिले की नाही, यावर ठरेल. महानगरपालिकांच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींनी संरचनेच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र नोंदणीकृत अभियंत्याकडून घ्यावयाचे असते. चंद्रपुरात या स्कीमांची पहिली पिढी आता नेमकी त्या वयात आली आहे, आणि २०११ साली येथे महानगरपालिका झाल्यापासून ही तरतूद आपल्यालाही लागू आहे. असे असता किती इमारतींच्या सभेत हा विषय निघाला, याचा ज्याने त्याने आपल्यापुरता शोध घ्यावा. नव्या इमारतींसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा उपयोगी आहे, कारण ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिला तर विकसकाने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. परंतु भूखंड पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही, आणि वाड्याच्या जागेवर उठलेल्या कितीतरी स्कीमा या चाळणीतून खाली पडतात. म्हणून जुन्या शहरातल्या गिऱ्हाइकाने नोंदणी आहे की नाही हे व्यवहारापूर्वीच पाहिले पाहिजे.

आता ऋतूंकडे येऊ, कारण चंद्रपूर आणि शेजारचा गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ऋतू हाच सर्वांत मोठा प्रशासक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की प्रत्येक सज्जात कूलर घुमू लागतो. त्याचे पाणी खालच्या मजल्याच्या वाळवणावर ठिबकते, भिंतीत मुरते, आणि जून उलटल्यावर त्याच टाकीत उरलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस सर्व कूलर, पिंपे व कुंड्यांच्या थाळ्या रिकाम्या करून कोरड्या ठेवाव्यात, हा आरोग्य खात्याचा सल्ला जुनाच आहे. एका घराने तो पाळून भागत नाही, कारण वरच्या घरातला डास जिन्याने खाली येतो. पूर्ण इमारतीने एकच वार ठरवला पाहिजे, आणि तो वार भिंतीवर लिहिलेला पाहिजे. उन्हाळ्यात वीज गेली की लिफ्ट मध्येच थांबते, आणि २,९२० मेगावॉट वीज निर्माण करणाऱ्या केंद्राच्या शेजारचे शहर दिव्याखालच्या अंधाराचा अनुभव घेते. अशा वेळी लिफ्टच्या आत कोणाचा दूरध्वनी क्रमांक लावला आहे, आणि तो मनुष्य अद्याप गावात आहे की बदलून गेला, हे पाहणे कोणाचे काम?

पावसाळ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. चंद्रपूर हे इरई आणि झरपट या नद्यांच्या कुशीत वसले आहे. इरई धरण भरले की दारे उघडतात, आणि पलीकडे वर्धेला पूर असला तर इरईचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगते. २०२२ च्या जुलैमध्ये रहमतनगर आणि पठाणपुरा दरवाजाबाहेरच्या भागाने हे पुन्हा एकदा अनुभवले. धरणाची दारे उघडण्यापूर्वी प्रशासन इत्तला देते, ती वर्तमानपत्रांत येते, रिक्षावरच्या कर्ण्यातून फिरते, कधी घंटागाडीवरूनही सांगितली जाते; परंतु चौथ्या मजल्यावर खिडक्या लावून बसलेल्या कुटुंबाला ती ऐकू येत नाही, आणि तळमजल्यावरच्या मोटारी व वीजमीटरांची पेटी मात्र त्याच पाण्याच्या वाटेत असते. पाणी शिरण्यापूर्वी मुख्य बटण कोणी बंद करावयाचे, त्या पेटीची किल्ली कोणाकडे, हे पावसाळ्याआधी ठरलेले असावे. कचऱ्याचेही असेच आहे: दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला उघड्या कचऱ्यावर कुत्री-डुकरे जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो, हे तेथले रहिवासी जाणतात, त्यामुळे घंटागाडीची वेळ ही तेथे केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही. अग्निसुरक्षेविषयी एक वाक्य पुरे: २००६ चा राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत द्यावयाचे असते, आणि जिन्यातली लाल नळी ही शोभेची वस्तू नव्हे.

गडचिरोलीत अपार्टमेंट ही त्यामानाने नवी गोष्ट आहे. १९८२ च्या ऑगस्टात जिल्हा निर्माण झाला, कचेऱ्या आल्या, २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आले, आणि बदलीवर येणाऱ्या नोकरदारांसाठी तीन-चार मजली इमारती उठू लागल्या. येथे मालक बहुधा नागपुरास असतो आणि राहणारा भाडेकरू एटापल्ली किंवा भामरागडच्या बाजूस नेमणुकीवर असतो. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला तर तो चार-चार दिवस परतत नाही, आणि इकडे त्याच्या बंद घरातला नळ चालू राहिला तर कोणास कळवावे हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. मालकाचा, भाडेकरूचा आणि अडीअडचणीस धावून येईल अशा एका नातलगाचा क्रमांक असलेली नोंदवही प्रत्येक इमारतीत असणे ही त्या गावात चैन नव्हे, गरज आहे.

आणि याच गडचिरोली जिल्ह्यात, शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात, एक असे गाव आहे की ज्याने सामाईक मालमत्तेचा कारभार कसा करावा याचा वस्तुपाठ साऱ्या देशाला घालून दिला. मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला, तो वनहक्क कायद्याखाली देशात अगदी प्रथम मिळालेल्या हक्कांपैकी एक. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि आपल्या जंगलातला बांबू आपण विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात उतरला. परंतु मला येथे हक्कापेक्षा रीतीचे महत्त्व अधिक वाटते. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, तसेच त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे राबलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांनी दोन गोष्टी पाळल्या. पहिली अशी की निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करावयाचा, मग त्याला कितीही बैठका लागोत. दुसरी अशी की निर्णयाची सभा निराळी आणि अभ्यासगट निराळा ठेवावयाचा: अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचा जाणकारही यावा, विषय समजून घ्यावा, कायदा वाचावा, हिशेब मांडावा, मात्र तेथे ठराव करू नये, आणि ग्रामसभेत ठराव करावयाचा तो विषय समजलेल्या माणसांनी. शाळेची फारशी पायरी न चढलेल्या माणसांनी जंगलाच्या कायद्याची कलमे अशी समजून घेतली की खात्याच्या अधिकाऱ्यांशी बरोबरीने बोलता यावे.

याची तुलना आपल्या सभेशी करावी. पदवीधरांची, अभियंत्यांची, निवृत्त मुख्याध्यापकांची सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून भरते. विषयपत्रिका आधी वाटलेली नसते. रंगकामाचे दरपत्रक तेथेच प्रथम दिसते. दोघे मोठ्याने बोलतात, चौघे मोबाईल पाहतात, महिला बहुधा वरच्या सज्जातून ऐकतात, आणि ज्यांची नावे दस्तात आहेत अशा निम्म्या मालकांच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जातात. मेंढ्याच्या ग्रामसभेत स्त्रिया बसतात आणि बोलतात, हे सांगितले म्हणजे आपली प्रगती किती झाली याचा अंदाज येतो. यावर आक्षेप असा निघेल की मेंढा हे एकजिनसी गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारे, आणि अपार्टमेंटात मात्र मराठी, तेलुगू, हिंदी, बंगाली बोलणारे, निरनिराळ्या नोकऱ्यांचे, परस्परांची आडनावेही न जाणणारे लोक राहतात. आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. जेथे ओळख असते तेथे तोंडी निरोपावर भागते, आणि जेथे ओळख नसते तेथे लेखी कागदाखेरीज गत्यंतर नाही. म्हणूनच प्रत्येक इमारतीने दर महिन्याला एक लेखी पत्रक काढावे; त्यातल्या सूचना मराठीबरोबर हिंदीतही लिहिल्या जाव्यात, भाडेकरूलाही मिळाव्यात, आणि ज्या घरी डोळ्यांनी अधू वृद्ध आहेत तेथे कोणी तरुणाने त्या वाचून दाखवाव्यात.

अशा पत्रकात काय असावे, याची मोठी शास्त्रीय चर्चा करण्याचे कारण नाही. गेल्या महिन्याची जमा व खर्च, थकबाकीची एकूण रक्कम (नावे टाळावीत; नावे लावून थकबाकी वसूल होत नाही, वैर मात्र वसूल होते), टाकी धुण्याची व लिफ्ट तपासण्याची तारीख, महानगरपालिकेची किंवा महावितरणची आलेली सूचना, कर भरण्याची मुदत, पुढच्या सभेचा दिवस व विषय, आणि शेवटी लिहिणाऱ्याची सही, एवढे पुरे. एक पान हाताने लिहिले तरी चालेल. त्याची एक प्रत जिन्याच्या तळाशी लागावी, आणि दुसरी दप्तरात राहावी, म्हणजे पाच वर्षांनी कारभार दुसऱ्याच्या हाती गेला तरी इमारतीची स्मृती पुसली जाणार नाही. हे काम एकाच्याच गळ्यात न बांधता दर वर्षी फिरते ठेवावे, आणि ज्याने ते केले त्याला निदान सभेत धन्यवाद द्यावेत; आपल्याकडे सार्वजनिक कामाचा मोबदला टीकेत मोजण्याची जी वहिवाट पडली आहे ती सोडली नाही तर कोणीही भला मनुष्य हे ओझे उचलणार नाही.

महानगरपालिकेनेही आपला हिस्सा उचलावा. कर आकारणीच्या दप्तरात प्रत्येक सदनिकेची नोंद आहे, वसुलीच्या वेळी देयक दारापर्यंत येते, मग पाणी बंद राहण्याची, औषधफवारणीची, पुराची, स्थैर्य प्रमाणपत्राच्या मुदतीची आणि परकोटाच्या हद्दीत येणाऱ्या इमारतींच्या यादीची सूचना इमारतीच्या नावाने लेखी का येऊ नये? झोन कार्यालयात प्रत्येक अपार्टमेंटचा एक अधिकृत पत्ता व एक जबाबदार प्रतिनिधी नोंदवून घेणे हे अवघड काम नाही, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची जरुरी नाही. जे शहर घराघरांतून मालमत्ता कर गोळा करू शकते ते घराघरांत वर्तमानही पोहोचवू शकते.

वाचकांपैकी जे अपार्टमेंटात राहतात त्यांना एवढीच विनंती आहे की येत्या सभेची वाट न पाहता या आठवड्यातच आपल्या कारभाऱ्यांकडे घोषणापत्राची प्रत आणि मागील वर्षाचा तपासलेला हिशेब लेखी अर्ज करून मागावा, त्याची पोच घ्यावी, आणि मिळालेले कागद एकट्याने न वाचता चार शेजाऱ्यांना बोलावून वाचावेत. घोषणापत्र इमारतीत कोणाकडेच नाही असे उत्तर आले तरी निराश होण्याचे कारण नाही. ते नोंदणीकृत असल्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ठरलेले शुल्क भरून त्याची प्रमाणित नक्कल मिळते.